शेवटचं कडवं कापू नका
(चंद्रपुरात भीमगीतांच्या ऑर्केस्ट्राआधी केलेलं भाषण)



16 ऑक्टोबर 1956. तेव्हाचं चांदा, आजचं चंद्रपूर. बाबासाहेबांनी इथं दीक्षा दिली. आजही ऑक्टोबरात गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांतून माणसं दीक्षाभूमीवर येतात, रात्र रात्र गाणी ऐकतात. त्यांतल्या कित्येक म्हाताऱ्यांना अक्षर येत नाही. त्यांना बाबासाहेब गाण्यातून कळले. म्हणून गाण्याची मोडतोड ही आपल्यात साधी गोष्ट नाही.

आज वामनदादा कर्डकांची गाणी आहेत. जन्म 15 ऑगस्ट 1922, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. शाळा नशिबात नव्हती. तरुणपणी मुंबईत अक्षरं गिरवली आणि पुढं हजारो गाणी रचली. गावोगाव फिरून गायली. 15 मे 2004 ला दादा गेले.

आता अमेरिकेतली एक बाई सांगतो. 1972 साली दलित पँथरनं नाव कुणाकडून घेतलं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याच काळ्या लोकांची ही जॅझ गायिका, बिली हॉलिडे. 1939 साली न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटी क्लबात ती 'स्ट्रेंज फ्रूट' गायला लागली. गोऱ्या जमावानं मारून झाडाला टांगलेल्या काळ्या माणसांचं गाणं. ज्यांना 2006 चं खैरलांजी आठवतं, त्यांना जास्त सांगायला नको. तिच्या कोलंबिया कंपनीनं रेकॉर्ड काढायला नकार दिला. एका छोट्या कंपनीनं काढली. क्लबात हे गाणं सगळ्यात शेवटी. वेटरांनी हात थांबवायचे, दिवे बंद, उजेड फक्त तिच्या तोंडावर. वन्समोअर नाही. जे ऐकलं ते घेऊन घरी जा!

1947 ला अमली पदार्थांच्या केसमध्ये तिला तुरुंग झाला. सुटल्यावर न्यूयॉर्कच्या क्लबांत गायचा परवाना मिळेना. 1959 ला दवाखान्यात खाटेवरच अटक झाली, तिथंच मेली. आणि 2015 ला, जन्मशताब्दीला, त्याच शहरात तिच्या नावानं मैफली! जिवंतपणी परवाना काढायचा, मेल्यावर मानवंदना द्यायची. व्यवस्थेची ही जुनी खोड.

पण आपण काय करतो? मेडले करतो. पाच गाण्यांचे मुखडे जोडायचे, ठेका वाढवायचा, पोट्टे नाचवायचे. दादा शेवटच्या कडव्यात 'वामन' गुंफायचे. कवीची सही तिथं असते, गाण्याचा घावही बऱ्याचदा तिथंच असतो. आणि वेळ नाही म्हणून कात्री लागते ती नेमकी त्याच कडव्याला. कवी गेला, मुद्दा गेला, उरला ठेका. हे काम कुठल्या प्रस्थापितानं केलेलं नाही. आपणच करतोय.

नाचायला माझी ना नाही. बापजाद्यांनी दुसऱ्याच्या दारात राबून काढली, आपण आपल्या सणाला नाचणारच. पण ऑर्केस्ट्रावाल्या भावांनो, गाण्याआधी कवीचं नाव घ्या. गाणं अख्खं म्हणा. एका गाण्याला तरी ऑक्टोपॅड बंद ठेवा, नुसता डफ आणि गळा राहू द्या. आणि पोरांनो, तेवढी पाच मिनिटं बसून ऐका. शब्द कानात शिरले तर उद्या कामावर, कॉलेजात, पंचायतीत तोंड उघडायला तेच उपयोगी पडतील.

जयभीम!