आठशे कळ्यांचा चेंडू



मोगऱ्याच्या हंगामात जव्हार-विक्रमगडचा शेतकरी सकाळच्या सभेला येऊ शकत नाही, म्हणून ही परिषद जानेवारीत भरली आहे. छाटण्या उरकल्यात, बागा फुटव्यावर आहेत. पहिली कळी दिसायच्या आत मला एकच विषय काढायचा आहे: खुडलेली कळी आणि हातात पडलेला पैसा यांच्यामधला हिशेब.

मोगरा संध्याकाळी उमलतो. उमललेलं फूल देवघरात शोभतं, पण गजऱ्याला मिटलेली कळीच लागते. म्हणून ती पहाटे खुडून दुपारच्या आत दादरच्या फूलबाजारात पोचवायची. एप्रिलमध्ये माझ्या घरी साडेतीनला दिवा लागतो. कपाळाला बॅटरी बांधून आम्ही बाया ओळींत शिरतो. हिरवट, टणक लागली ती उद्याची. पांढरी, टपोरी, देठाशी भरलेली ती आजची. पाकळीवर बारीक भोक असेल तर आत अळी आहे; ती कळी तोडून वेगळ्या पिशवीत टाकायची आणि बागेबाहेर न्यायची, नाहीतर पुढच्या आठवड्यात बहर पोखरला जातो. हे सगळं बोटांना कळतं, डोळे नंतर पोचतात. किलो भरायला अशा हजारो कळ्या लागतात. कवितेतला मोगरा वेल होऊन वर चढतो. आमचा मोगरा आम्ही दरवर्षी छाटून कमरेइतका ठेवतो, कारण खुडणारीचा हात तिथवरच पोचतो.

हे पीक आमच्याकडे का रुजलं, ते शहरातल्या पाहुण्यांसाठी सांगते. आमच्याकडे पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात हंड्याला पाणी मिळत नाही. भात, नागली, वरई निघाली की दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर जायची, पोरं शाळेतून उठायची. बाएफ या संस्थेच्या वाडी कार्यक्रमात आंबा-काजूच्या जोडीला मोगरा आला. पाच-दहा गुंठे, थोडं ठिबक, घरातलीच माणसं. आंबा वर्षातून एकदा पैसा देतो, मोगरा हंगामात रोज देतो. उन्हाळाभर माणूस गावात थांबला तो या रोजच्या पैशामुळे. मला या पिकाचं सगळ्यात मोठं मोल तिथे वाटतं, सुगंधात नाही.

पण रोजचा पैसा रोजच्या भावावर लटकलेला असतो. लग्नसराईत चढतो, बहर एकदम आला की कोसळतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा बागा भरात होत्या. बाजार बंद, देवळं बंद, लग्नं थांबलेली. झाडावर उमलून, पिवळी पडून गळणारी फुलं बघत आम्ही बांधावर बसलो. खुडली नाही तर पुढचा बहर बिघडतो, म्हणून खुडून खड्ड्यात टाकली. त्या संकटावर कुणाचा इलाज नव्हता. ज्यावर आहे त्याबद्दल बोलते.

मागे एका हंगामात माझ्या घरून सात किलो गेलेली कळी विक्रीच्या पट्टीवर साडेपाच किलो झाली. कळी वाटेत सुकते, थोडं वजन घटतं, हे मलाही कळतं. दीड किलो घटत नाही. विचारायला माझ्याकडे कागद नव्हता, कारण घरी काटाच नव्हता.

हा घोळ टाळणारं कर्नाटकात उडुपीजवळ शंकरपुरा नावाचं गाव आहे. तिथली मल्लिगे, म्हणजे त्यांचा मोगरा, मोजून विकतात. आठशे कळ्यांचा एक चेंडू, चार चेंडूंची एक अट्टे. दिवसाचा भाव तिथे ठरतो आणि सगळ्या भागाला कळतो. ‘चेंडू’ हा शब्द ऐकून मला आपलंच माणूस भेटल्यासारखं झालं. कळ्या ओवून मोजायची ती पद्धत आपल्याकडे जमणार नाही, आपला माल सुटा जातो. पण भाव आणि माप उघड्यावर असणं जमेल.

दुपारच्या सत्रात ठराव येईल. माझं मागणं असं: प्रत्येक पाड्यावर एक काटा, कळी जीपमध्ये चढायच्या आधी सगळ्यांसमोर वजन, वजनाची चिठ्ठी, आणि संध्याकाळपर्यंत दादरचा भाव फोनवर. आणि त्या चिठ्ठीवर सातबाऱ्यावरच्या नावाखाली, त्या पहाटे ज्या बाईने कळी खुडली तिचंही नाव लिहा.