घर घेताना, गहाण ठेवताना



आरतीनंतर कर्जाचं बोलणं म्हणजे मोदकासोबत कारल्याची भाजी. पण मंडळाचा आग्रह मोडवला नाही.

घर घ्यायचं ठरलं की आपला पहिला फोन सीमेपलीकडे जातो. किनवटचे साडू, पांढरकवड्याचे मामा सांगतात, सातबारा पाहा, फेरफार पाहा. त्यांच्याकडे ते बरोबर आहे. इथे तेलंगणात लागते जुन्या खरेदीखतांची साखळी, म्हणजे लिंक डॉक्युमेंट, आणि सब-रजिस्ट्रार कार्यालयाची ईसी. ईसीत नोंदणी झालेले व्यवहार आणि बोजे दिसतात. सादा बयनाम्यावर झालेली खरेदी किंवा घरातल्या वारसांचा हक्क तिच्यात दिसत नाही. तेव्हा ‘ईसी कोरी आहे’ एवढ्यावर बयाणा देऊ नका.

एक गोष्ट खास आपल्या भागाची. उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूरकडची अनेक गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. 1959 च्या जमीन हस्तांतरण नियमाला 1970 मध्ये दुरुस्ती झाली, तिलाच आपण 1/70 म्हणतो. तिथली जमीन बिगर-आदिवासीला विकत घेता येत नाही, विकणारा बिगर-आदिवासी असला तरीही. प्लॉट स्वस्त का मिळतोय, ते यावरून समजून घ्या. बँक त्यावर कर्ज देणार नाही आणि रोख दिलेत तर पैसा अडकला. हा कायदा उगाच आला नाही. गोंड-कोलामांच्या जमिनी ज्यांच्या हाती गेल्या, त्यांत आपलीही माणसं होती.

आता पैशाचं. 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के देऊ शकते. देईलच असं नाही. उरलेली रक्कम आपली. नोंदणीचा खर्च वेगळा. जुलै 2021 पासून तो सगळा मिळून साडेसात टक्के झाला. 20 लाख रुपये साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतले, तर हप्ता साधारण 17,350 रुपये. पहिल्या हप्त्यातले 14,000 च्या वर व्याजातच जातात. मधे हाती पैसा आला तर मुद्दलात भरा. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर त्यासाठी दंड लागत नाही.

मूळ खरेदीखत बँकेत ठेवायचं, हेच गहाण. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत ते परत द्यायचं, नाहीतर बँकेच्या दिरंगाईला दिवसाला 5,000 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा डिसेंबर 2023 पासूनचा नियम आहे.

आपल्यातली बरीच घरं मात्र अजून आजोबांच्याच नावावर आहेत. आमचंही होतं. वर एक मजला चढवायला कर्ज मागितलं, तर बँकेच्या वकिलाने विचारलं, ‘आत्याचं हक्कसोडपत्र कुठे?’ मला राग आला. सत्तर ओलांडलेल्या आत्याला कशाला त्रास द्यायचा? आत्या पांढरकवड्याहून एसटीने आली. कागद तेलुगूत. ती म्हणाली, ‘कुठे सही करू, सांग.’ मी पेन पुढे केलाही होता. मग माझीच मला लाज वाटली. बाकावर बसून एकेक ओळ तिला मराठीत वाचून दाखवली. तिसऱ्या ओळीला तिने थांबवलं. ‘हे माझं माहेरचं नाव आहे. आधारवर तर सासरचं आहे.’ ते लक्षात आलं नसतं तर पुढे कागद अडकला असता. दस्तलेखकाकडे जाऊन दोन्ही नावं घालून घेतली. तोवर दुपार झाली आणि त्या दिवसाचा आमचा नंबर गेला.

दुसऱ्या दिवशी सही झाली. तिला वाटा देऊ केला, तो तिने घेतला नाही. वरच्या मजल्यावर तिच्यासाठी एक खोली ठेवायला मात्र सांगितलं, आणि ती आम्ही ठेवली आहे.