गवत कापणारे एंजिन



या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत सारे विषय होतात. मी मात्र सार्वजनिक बागांत गवत कापणारे यंत्र घेऊन उभा आहे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे जे शिकलो ते कामगारांकडून आणि गॅरेजच्या ओट्यावर; तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

खांद्याला अडकवायच्या या यंत्रांत बहुधा टू-स्ट्रोक एंजिन असते. त्याच्या पोटात तेलाचा निराळा साठा नसतो. पेट्रोल आणि हवा आधी खालच्या क्रँककेसमध्ये शिरते आणि मग वर जाते. म्हणून तेल पेट्रोलातच मिसळायचे. लिटरला २० मिलिलिटर, काही यंत्रांना ४०. असले एंजिन इंग्लंडात जोसेफ डे यांनी बनविले. पण आत घेण्याच्या झडपेचे कामही पिस्टननेच करावे, ही सुधारणा १८९२ साली त्यांच्याच कारखान्यातल्या फ्रेडरिक कॉक या कामगाराची! संघटनेच्या सभेत मी हे नाव मुद्दाम घेतो.

यंत्र सुरू होईना, तर प्लग काढून पाहावा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झाले. तो पुसावा आणि स्विच बंद ठेवून दोरी चारपाच वेळा ओढावी. कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही. टाकीतला फिल्टर पाहावा, मग कार्बुरेटरमधला रबरी पडदा. पेट्रोल महिनोन्‌महिने आत राहिले की तो ताठतो. एंजिन चालते पण जोर नाही, तर धुराड्याची जाळी काजळीने बुजली आहे काय ते बघावे. बहुतेक दुखणी इथेच संपतात.

पण पिस्टन जाम झाला की खर्च मोठा, आणि तो कोणाच्या माथी? एका बागेत ठेकेदाराने सांगितले, “पोराने तेल घातले नाही,” आणि त्याच्या पगारातून पैसे कापले. पोरगा मला म्हणाला, “भाऊ, मी तेल मोजून घालतो. दोन दिवस आधी मशीन आपोआप पळत होतं, मी मुकादमाला सांगितलं होतं.”

या एका वाक्यावर मी थांबलो. आम्ही धुराडे काढले. तेलच नसते तर पिस्टन साधारणपणे चहूबाजूंनी खरवडतो. इथे ओरखडे फक्त धुराड्याच्या बाजूला होते. खालचे बेअरिंग तेलकट होते. शेवटी क्रँकचे ऑइल सील फाटलेले निघाले. तिथून जादा हवा शिरली, मिश्रण पातळ झाले, एंजिन भरधाव सुटले आणि तापले. नुकसानीपोटी पगार कापण्याआधी कामगाराचे म्हणणे ऐकले पाहिजे, हे १९३६ च्या वेतन कायद्यापासून चालत आले आहे. पण ऐकून घेताना त्याला बोलायला काही हवे ना?

पैसे परत मिळाले, दोन हप्त्यांत. ते सील मी बरोबर आणले आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी व्याख्यानानंतर पुढे यावे.