वाफसा आणि वारी
(शताब्दी सोहळ्यात दिंडीपुढे केलेलं मनोगत)

मायबाप संत मंडळी, मला दहा मिनिटं दिलीत आणि वर ताकीद दिली की बुवा, कीर्तन लावू नका. नाही लावत. माझं शिक्षण चौथी. जे अंगावरून गेलंय तेवढंच सांगतो.

2013 साल. मृगाचा पाऊस टायमावर झाला. वाफसा चांगला होता, मी पहाटेच पाभर जुंपली. सात वाजता आमची मंडळी न्याहारी घेऊन बांधावर आली. म्हणाली, "उजवा हात बधिर झाल्यागत वाटतोय." मी बैल थांबवले नाहीत. म्हणालो, "एवढं शेत उरकू दे, मंग बघू." वाफसा कुणाची वाट बघत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

अकराच्या सुमाराला ती गोठ्यात पडली. तोंड वाकडं, बोबडी वळलेली. आम्हाला वाटलं चक्कर आली, म्हणून कांदा फोडून नाकाला लावला. कुणी म्हणालं तेल चोळा, ते चोळलं. दवाखाना गाठायला पाच वाजले. डाक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी झालीय, साडेचार तासांच्या आत आणलं असतं तर ती विरघळायचं इंजेक्शन देता आलं असतं. बापहो, इथं बसलेल्या सगळ्यांनी हे ध्यानात ठेवा. तोंड वाकडं झालं, हात उचलंना, बोलणं अडखळलं, की कांदा शोधू नका, 108 ला फोन लावा. माझं शेत पेरून झालं होतं. बाजरी झकास उगवली. ती बघायला मी बरेच दिवस गेलोच नाही.

आता खरी लाजेची गोष्ट सांगतो. पंधरा-सोळा दिवसांनी पालखीचं प्रस्थान आलं. चोवीस वर्षांची वारी, गळ्यात या दिंडीचा वीणा. म्हणालो, देवाचं काम आहे, सून आहे, लेक आलीय, होईल सगळं. तिला बोलता येत नव्हतं. डाव्या हातानं तिनंच खूण केली, जा. ती खूण मी माझ्या सोयीनं वाचली.

आळंदी झाली, पुणं झालं, दिवे घाट चढून सासवडला मुक्काम पडला. रात्री घरून फोन आला, आई जेवत नाही म्हणून. मी म्हणालो, भरवा, जेवंल. आपल्या दिंडीतली एक म्हातारी माऊली शेजारी बसलेली. तिनं विचारलं, "बुवा, घरी कोण हाय?" मी कीर्तनकाराच्या तोऱ्यात म्हणालो, "देव हाय." ती म्हणाली, "देवाला वेणी घालता येती का?"

पुंडलिकाचं आख्यान मी किती वेळा लावलं असंल, मोजदाद नाही. देव दारात आला, यानं वीट फेकली आणि मायबापाचे पाय चेपत बसला. लोकांच्या डोळ्यांतनं पाणी काढलं मी त्या आख्यानावर. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातला आणि एसटी धरली.

मंग रान निम्म्या वाट्यानं दिलं, दोन गाया विकल्या. सप्ताहाच्या घेतलेल्या तारखा परत केल्या, इसार माघारी दिला. काही गावांनी नावं ठेवली, म्हणाले बुवा बायकोवेडा झाला. म्हणू द्या. पैशाची ओढाताण झाली ती झालीच, लेकाला कर्ज फेडायला चार वर्षं लागली. ते गोड करून सांगत नाही.

घरात मी नवशिका. पहिल्या भाकरी बघून कुत्र्यानं तोंड फिरवलं. रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या हातात रबरी चेंडू द्यायचा, बोटं उघडायची-मिटायची. बाराखडी म्हणायची. चौथी शिकलेला मास्तर अन् त्याची एकच विद्यार्थीण. सगळ्यात अवघड वेणी. तीन पेड माझ्या बोटांना जमंनात, ती हसायची. तोंड वाकडं असलं तरी हसू कळायचं. आठ महिन्यांनी पहिला धड शब्द बोलली, तो "पाणी". मी "विठ्ठल" शिकवत होतो.

तीन वर्षं वारी झाली नाही. दिंडीनं मला एका शब्दानं बोल लावला नाही, हे या पुस्तकात छापून यावं म्हणून मुद्दाम सांगतोय. वीणा आता तरण्या पोराकडं आहे. त्यानं दोनदा परत देऊ केला, मी टाळच घेतला.

मंडळी आता काठी धरून चालते. यंदा वाखरीपर्यंत सामानाच्या ट्रकमधून येणार म्हणून हट्ट धरलाय. येऊ दे. तंबूत सकाळी बाया वेणीफणी करतात तिथं मी पण बसलेला दिसंन, तेवढं सांभाळून घ्या.

रामकृष्णहरी.