पखवाज पुसून ठेवण्याचे समाधान

संत नामदेवांच्या नर्सीचा हा जिल्हा. इथे कलावंताच्या हत्यारांविषयी बोलायचे तर पखवाजापासूनच सुरुवात करावी. गावोगावच्या सप्ताहांत आपण त्याचा नाद ऐकतो. मला बोलायचे आहे ते भजन आटोपल्यानंतरच्या पाच-दहा मिनिटांबद्दल. पखवाजाच्या उजव्या पुडीवरचा, म्हणजे कातडी तोंडावरचा, शाईचा काळा लेप कायमचा असतो. डाव्या पुडीला मात्र दर वेळी नव्याने ओली कणीक लावावी लागते. तिच्या वजनाने कातड्याचे कंपन मंदावते आणि तो भरदार खर्ज मिळतो. कणीक थोडी वाढवली की स्वर उतरतो, काढली की चढतो. पण तीच कणीक वाळून राहिली तर पुडी खराब होते आणि उंदरांचीही सोय होते. म्हणून ती खरवडायची, पुडी पुसायची, गवसणी घालायची. या कामाने मन निवते. ते का निवते? माझे म्हणणे असे की हे काम पुरे होते. वादन कधी पुरे होत नाही. लय आणखी नेमकी हवी होती, बोल आणखी स्वच्छ हवा होता, ही रुखरुख उरतेच. पुडी मात्र स्वच्छ झाली की झाली. त्यात दाद नाही, तुलना नाही, आणि कसे जमले हे हाताला लगेच कळते.

कुणी म्हणेल, ही शांती भक्तीची, पुसण्याची नव्हे. सप्ताहातला विणेकरी पाहिला तर हा आक्षेप खराही वाटतो: पहाऱ्यावरचा माणूस वीणा खाली ठेवत नाही, दुसऱ्याच्या हाती देऊनच सुटतो, तिथे वाद्य सांभाळणे हीच सेवा. पण ज्याच्या कामात देवाचे नावही नाही तो चित्रकार कुंचला धुऊन, केसांना टोक देऊन ठेवतो, तेव्हा त्यालाही हाच निवांतपणा मिळतो. भक्तीने तो गहिरा होत असेल, पण त्याचे मूळ भक्तीत नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: हत्यारे कुरवाळणे म्हणजे रियाजाची टाळाटाळ. होते तसेही. सूर लावायला वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकण्यातच तासभर घालवून वाजवायचे राहून जाते, तेव्हा ती पळवाटच. फरक वेळेचा आहे. वादनानंतरची निगा काम झाल्याची असते, वादनाआधीची लांबण बहुधा भीतीची.

तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. पुडी मढवणाऱ्या, कातडी वादी ओढणाऱ्या कारागिराला हे समाधान कितपत लाभते? कातडे कमावणाऱ्या हातांना आपल्या समाजाने शतकानुशतके दूर ठेवले आणि त्याच कातड्याचा नाद मात्र देवापुढे नेला. वादकाची पाच मिनिटांची निगा निवांत असते, कारण ती त्याच्या पोटाशी बांधलेली नसते. कारागिराचा दिवसच त्यात जातो, मोबदला ठरतो तो दुसऱ्याच्या मर्जीने. तेव्हा निगेतल्या शांतीबद्दल मी जे म्हटले ते खरे मानताना एवढे ध्यानात घ्यावे, की ती बरीचशी उसंत असणाऱ्याच्या वाट्याची आहे. आणि पुडी फुटल्यावर दुरुस्तीच्या पैशांत घासाघीस करणाऱ्या मंडळींना त्या शांतीबद्दल फारसे बोलण्याचा अधिकार नाही.