नकाशा आणि आरोग्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आरोग्यविषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आम्ही वैद्य नव्हे. परंतु रोग कोठे आहे आणि उपचार कोठे आहे, हे एकाच नकाशावर पाहिल्यावाचून आरोग्याची योजना नीट होत नाही, असे आमचे मत झाले आहे.

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ उसळली आणि दहा दिवसांत ५०० हून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे शोधली. बहुतेक घरे ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपाभोवती निघाली. ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती हे खरे. परंतु पटकी पाण्यातून पसरते, या विचारास तेथे आधार मिळाला. १८५५ च्या नकाशात स्नो यांनी कोणत्या घरास कोणता पंप चालत जाण्यास जवळ, याची रेषाही आखली. तेथील धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांस स्नो यांचे मत प्रथम मान्य नव्हते. ते खोडून काढावे म्हणून त्यांनी घरोघर विचारपूस केली, आणि अखेर त्यांनाच ते पटले. वस्तीतील माणसे ओळखणारा मनुष्य शास्त्रज्ञास किती उपयोगी पडतो, ते येथे दिसते.

आज हे काम इंटरनेटवर करता येते. २००४ साली सुरू झालेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा लोकांनीच रचलेला, सर्वांस खुला नकाशा आहे. २०१० च्या जानेवारीत हैतीमध्ये भूकंप झाला, तेव्हा देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रे पाहून राजधानीतील रस्ते या नकाशात भरले व मदतपथकांनी त्यांचा उपयोग केला.

आता आपल्याकडे पाहू. सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात २०,००० लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारी निकष आहे. परंतु डोकी मोजून वाट कळत नाही. कागदावर दोन कोसांवर असलेले केंद्र पावसाळ्यात साकव वाहून गेला की पाच कोसांवर जाते. अडलेल्या बाळंतिणीस अंतर नव्हे, वेळ मारतो. म्हणून आपल्या तरुणांनी सुटीत गावी जावे; वाड्या, पायवाटा, साकव, विहिरी, अंगणवाड्या मोबाईलवरून नकाशात भराव्यात; वडीलधाऱ्यांनी वाड्यांची खरी नावे सांगावीत. मग तो नकाशा ग्रामसभेत व आरोग्य अधिकाऱ्यांपुढे ठेवावा. एक पथ्य मात्र पाळावे: खुल्या नकाशात विहीर दाखवावी, रोग्याचे घर दाखवू नये. कोणाच्या दुखण्याची चव्हाट्यावर चर्चा होणे, हेही एक दुखणेच होय.

शेवटी थोडे अप्रिय बोलतो. आपले आरोग्यशिबिर दरवर्षी तालुक्याच्या गावी, कार्यालयात भरते. तेथे बहुधा ज्यांच्या दारात एस.टी. थांबते असेच आपले लोक येतात. नकाशा नीट भरला, तर सर्वांत दूरची वाडी ओढ्यापलीकडची ठरेल, आणि कदाचित तेथे आपल्या ज्ञातीचे एकही घर नसेल. मग आपण काय करणार? निधी ज्ञातिबांधवांनी दिला आहे, तो ज्ञातीसाठीच वापरावा, असे कित्येकांस वाटेल. त्यांचा हेतू आम्ही वाईट मानीत नाही. परंतु ओढ्याचे पाणी ज्ञात विचारून वाहत नाही. वरच्या वाडीत नासलेले पाणी खालच्या वाडीत आपलीच मुले पितात.

म्हणून आमची विनंती अशी, की यंदाच्या शिबिराची जागा सोयीने नव्हे, नकाशा पाहून ठरवावी. आणि ती वाडी ज्या कोणाची असेल, तिची वाट प्रथम आपण चालावी. असे झाले तर हे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.