गोंदियाचा तांदूळ आणि सातासमुद्रापलीकडील गिऱ्हाईक

गोंदियाच्या बाजारांत धान विकणाऱ्या शेतकऱ्याला गिऱ्हाइकाचें तोंड समोर दिसतें. परंतु, श्रोतेहो, त्याच धानाचा तांदूळ काढून आफ्रिकेंतील व्यापाऱ्यास विकणाऱ्या गिरणीवाल्याची गोष्ट निराळी. माल आधीं धाडावा, तर पैसे बुडण्याचें भय. पैसे आधीं मागावे, तर तेंच भय गिऱ्हाइकास. मग दोन अनोळखी माणसांत सौदा व्हावा कसा?

पूर्वीच्या पेढ्यांनीं हा प्रश्न हुंडीनें सोडविला. आज तेंच काम बँकेचें पतपत्र करितें. ठरलेले कागद ठरल्या मुदतींत दाखविल्यास पैसे आपण देऊं, असें गिऱ्हाइकाची बँक लिहून देते. पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळानें याचे समान नियम १९३३ सालीं प्रसिद्ध केले. २००७ पासून त्यांची सुधारलेली आवृत्ति चालू आहे.

ध्यानांत ठेवावें कीं, बँक तांदूळ पाहत नाहीं, कागद पाहते. बीजक, जहाजाची पावती, विम्याचें पत्र, यांपैकीं एकांत तारीख चुकली तरी पैसे अडतात. गिऱ्हाइकाच्या बँकेवरच भरंवसा नसेल, तर दुसरी बँक मोबदला घेऊन आपली हमी जोडते. उधारीवर माल दिल्यास, १९५७ सालीं स्थापन झालेलें सरकारी निर्यात-पतहमी महामंडळ हप्ता घेऊन नुकसानीचा मोठा भाग सोसतें. उरलेला भाग व्यापाऱ्याच्याच माथीं राहतो. म्हणून तो गिऱ्हाईक पारखून घेतो.

इतकें करूनही एक फट उरते. २० जुलै २०२३ रोजीं केंद्र सरकारनें बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. जहाजांत भरणी सुरू झालेला माल सुटला; गिरणींत थप्पी लागलेला अडकला. माल चढला नाहीं, म्हणजे जहाजाची पावती नाहीं. पावती नाहीं, म्हणजे पतपत्र नुसता कागद. धान घेण्यासाठीं काढलेल्या कर्जाचें व्याज मात्र थांबत नाहीं. कांहीं राष्ट्रांपुरत्या सवलती सोडल्यास ही बंदी २८ सप्टेंबर २०२४ पर्यंत चालली.

देशांत तांदूळ स्वस्त राहावा, हा बंदीचा हेतु. त्यास वाईट कोण म्हणेल? तथापि पतपत्र गिऱ्हाइकाच्या लबाडीला आवर घालतें, सरकारी हुकुमापुढें तें मुकें. हें ओळखणारा गिरणीवाला सारें धान एकाच परदेशी सौद्यावर लावीत नाहीं. आणि बंदी आल्यास तोटा कोणी किती सोसावा, हें कलम सही करण्यापूर्वींच करारांत लिहून घेतो.